मीठ, मध आणि मृग

उळवीच्या यात्रेहून परतताना जोयडा तालुक्यातील एका परिचित गृहस्थांकडे आमचा एका रात्रीचा मुक्काम पडला. घरामागे सुपारीची लहानशी बाग, बागेपलीकडे दगडी बांध आणि बांधाला लागूनच रान. दिवेलागणीच्या सुमारास यजमान आम्हांस बांधापाशी घेऊन गेले. तेथे एका सपाट धोंड्यावर खड्याचे मीठ पसरले होते. शेजारच्या लाकडी डोणीत मक्याचे दाणे आणि गुळाचे पाणी शिंपडलेला कोंडा होता. अलीकडे शहरांतून पाहुणे येतात, त्यांस अंगणातून हरिण दिसावे, एवढाच यजमानांचा हेतू. त्यांनी आम्हांस विचारले, "तुम्ही ग्रंथ वाचणारी माणसे. मका बरा की नाचणी बरी? आणि गुळापेक्षा लांबवर जाईल असा दुसरा कोणता वास पूर्वीचे लोक लावीत असत काय?"

आमच्यापाशी उत्तर तयार नव्हते. बागेतील वृद्ध कुणबी गडी मात्र कोयता पुसता पुसता म्हणाला, "मीठ घाल्यार जनावर येता खरें, पूण ताच्या फाटल्यान वाग येता, तो कोणाक विचारून येता?" मीठ घातले तर जनावर येते, पण त्याच्यामागून वाघ येतो, तो कोणाला विचारून येतो, असा त्याचा सवाल. घरी परतल्यावर आम्ही जी पोथ्या-पुस्तके चाळली ती या दोन प्रश्नांच्या पोटी. मृगाला खाद्य घालून जवळ आणण्याचा इतिहास आमच्या अपेक्षेहून पुष्कळच जुना निघाला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रापासूनच आरंभ करू. हा ग्रंथ म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात शामशास्त्री यांच्या हाती लागला आणि १९०९ साली छापून प्रसिद्ध झाला, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात राजाने दोन प्रकारची वने राखावी असे सांगितले आहे. पहिले राजाच्या क्रीडेसाठी. त्याला एकच द्वार, भोवती खंदक, आत गोड फळांची झाडे, वेली व झुडुपे, काटेरी झाड एकही नाही, माणसाळलेली हरणे, आणि हिंस्र पशू असलेच तर नखे व दात काढलेले. दुसरे वन राज्याच्या सीमेवर. तेथे सर्व पशू अतिथी मानावे, असे कौटिल्य म्हणतो. आम्हांस या दोन वनांतील भेद फार मोलाचा वाटतो. पहिल्या वनात फळझाडे लावली आहेत ती मृगासाठी नव्हेत, राजासाठी आहेत. गोड फळ हा त्या एकदारी कुंपणाचाच एक भाग आहे. दुसऱ्या वनात कोणी काही पेरले असल्याचा उल्लेख नाही. तरीही अतिथी हा शब्द तेथे वापरला आहे.

बौद्ध वाङ्मय याहून स्पष्ट बोलते. मज्झिमनिकायात निवाप नावाचे एक सुत्त आहे. निवाप म्हणजे मृगांसाठी टाकलेले किंवा पेरलेले खाद्य. पारधी हा चारा पेरतो तो हरणांचे आयुष्य वाढावे म्हणून नव्हे, तर ती खाऊन बेसावध व्हावी म्हणून, असे तेथे आरंभीच सांगितले आहे. पुढे चार कळपांची कथा येते. पहिला कळप अधाशीपणे खातो आणि सापडतो. दुसरा भयाने चारा टाळून दूर रानात जातो. परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस गवत व पाणी संपून हाडे निघाली की परत येतो आणि सापडतो. तिसरा शहाणा. तो जवळ दबून राहतो व जपून खातो, पण पारधी त्याचे ठाणेच जाळ्याने वेढतो. चौथा कळप पारध्याची गतीच नाही अशा जागी राहतो, आणि तोच वाचतो. सुत्ताचा आध्यात्मिक अर्थ आम्ही येथे बाजूस ठेवतो. पण हे लिहिणाऱ्यास रान ठाऊक होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. उन्हाळ्याच्या शेवटी आमिष अधिक लागू पडते, ही गोष्ट घरात बसून सुचणारी नव्हे.

जातकांतील चौदावी कथा, वातमिगजातक, तर आमच्या यजमानांच्या प्रश्नाचेच उत्तर आहे. वाराणसीच्या राजाच्या उद्यानात संजय नावाचा माळी होता. वाऱ्यासारखा पळणारा एक मृग तेथे येई आणि माणसाची चाहूल लागताच नाहीसा होई. राजाने विचारले, याला पकडता येईल काय? माळी म्हणाला, थोडा मध मिळाला तर राजवाड्यातही आणीन. तो जेथे चरे तेथील गवताला माळ्याने मध लावला. काही दिवसांत मृग त्या गवतावाचून दुसरे काही खाईना. मग माळी हळूहळू स्वतःस दिसू देऊ लागला. पुढे हातातून गवत देऊ लागला. शेवटी वाटेवर डहाळ्या अंथरून, खांद्यास मधाचा भोपळा आणि कमरेस गवताची पेंढी बांधून, एकेक काडी टाकीत त्याने मृगास थेट वाड्यात नेले आणि दार लावून घेतले. माणसे पाहून तो प्राणी थरथर कापू लागला. एकदा जेथे भय वाटले तेथे जन्मात पाऊल न ठेवणारा प्राणी जिभेपायी कोठवर आला, याचे राजास नवल वाटले आणि त्याने त्यास सोडून दिले. कथेतील पायऱ्या पाहाव्या: आधी खाद्य, मग सवय, मग माणसाचे दर्शन, मग हात, मग दार. आज जगात कोठेही हरणास आमिष लावणारा याच पायऱ्यांनी जातो. मधाच्या जागी मका आला, एवढाच फरक.

वासाचे काय? येथे आमच्या परंपरेने एक सूक्ष्म गोष्ट नोंदून ठेवली आहे. पाच विषयांनी पाच प्राणी नाश पावतात, हा विचार विवेकचूडामणीत आहे. त्यात मृग शब्दाने, हत्ती स्पर्शाने, पतंग रूपाने, मासा रसाने आणि भ्रमर गंधाने मरतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदूस आपले गुरू सांगतो. तेथेही व्याधाच्या गाण्याला भुललेले हरिण आहे. नाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतामुळे तो प्रसंग मराठी घराघरांत पोचला. गंधाने फसणारा प्राणी म्हणून मृगाचे नाव कोणी घेतलेले नाही. आणि ते यथार्थच आहे. मृगाच्या लेखी वास ही आधी भयाची सूचना असते, मागाहून खाद्याची. सांबराच्या डोळ्याखालील ग्रंथी, चितळाच्या नराने मागच्या पायांवर उभे राहून फांदीला तोंड घासणे, चिखलात लोळणे, हा सारा त्यांचा आपापसांतील पत्रव्यवहार आहे. त्यात मनुष्याने लिहिलेले पत्र सहसा खोटे ठरते, कारण माणूस जेथे सुवास लावतो तेथे आपला वासही ठेवून येतो. म्हणूनच जुना पारधी सुगंधापेक्षा वाऱ्याची दिशा पाही.

शाकुंतलाच्या पाचव्या अंकात याच मर्मावर एक हळवा प्रसंग बेतलेला आहे. राजसभेत दुष्यंत ओळख नाकारतो तेव्हा शकुंतला त्यास आठवण देते. वेतसमंडपात दीर्घापांग नावाचे हरिणाचे पोर आले होते. राजाने कमळाच्या पानातील पाणी पुढे केले, तर ते जवळ येईना. तिने तेच पाणी हाती घेतले आणि ते पिऊ लागले. तेव्हा राजा थट्टेने म्हणाला होता की, जो तो आपल्याच गंधाच्या माणसावर विश्वास ठेवतो, तुम्ही दोघेही रानातली! त्याआधी चौथ्या अंकात, आश्रम सोडताना तिचा पदर ओढणारे हरिण कोणते, तर जिने दर्भाने फाटलेल्या त्याच्या तोंडास इंगुदीचे तेल लावले आणि श्यामाकाच्या मुठी भरवून ज्यास वाढवले, ते. श्यामाक म्हणजे आपला सावा. मृगाच्या खाद्याचा प्रश्न कालिदासाने असा सोडवला आहे: दाणा हलका, मूठ एक, आणि तोही पोरक्या पाडसास. पुष्ट कळपास नव्हे. जडभरताने पोरके पाडस वाढवले तेव्हा तेवढ्या मायेपायीही त्यास मृगयोनी घ्यावी लागली, असे पाचवा स्कंध सांगतो. तेव्हा आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट अगदीच हलकी मानली नव्हती.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (११२७ ते ११३८) याने मानसोल्लास हा कोशवजा ग्रंथ ११२९ च्या सुमारास रचला. मराठी वाचक त्यास ओळखतात ते त्यातील जुन्या मराठी पदामुळे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापला गेला आहे. त्यातील मृगयेच्या प्रकरणात राजा स्वतः हरणांच्या जाती व शिकारीचे प्रकार वर्णितो. पाणवठ्यावर दबा धरणे आहे, खारट जमिनीवर येणाऱ्या मृगांस गाठणे आहे, वाऱ्याचा विचार आहे, आणि शिकवलेला मृग पुढे सोडून रानातल्या मृगास भुलवणेही आहे. पुढे अकबराच्या काळी हीच युक्ती अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नोंदली: पाळीव काळविटाच्या शिंगांवर जाळे बांधून त्यास रानातल्या नरावर सोडायचे, झुंजीत शिंगे जाळ्यात गुंतली की शिकारी पुढे. जहांगिराने तर अशा एका लाडक्या मृगाचे, मनसराजाचे, थडगे बांधले आणि त्या परिसरात हरणाची शिकार मना केली. फसवण्यास शिकवलेल्या मृगाची कबर, हाही एक विलक्षणच प्रकार.

सोमेश्वरानंतर काही दशकांतच कल्याणी नगरीत बिज्जळाच्या राज्यात शरणांवर संकट आले आणि चन्नबसवण्णा आपल्या अनुयायांसह सह्याद्रीतील उळवीस आले. त्यांची समाधी तेथे आहे. ज्या कल्याणीत मृग मारण्याच्या रीती लिहिल्या गेल्या त्याच कल्याणीतून आश्रय शोधीत निघालेली माणसे जोयड्याच्या रानात विसावली. हा योगायोग आम्हांस त्या रात्री उळवीच्या वाटेवर सुचला नव्हता, पुस्तक उघडल्यावर सुचला.

जोयडा हा पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवरील धरणामुळे १९८० नंतरच्या दशकात सुपा गाव पाण्याखाली गेला आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. सांबर, चितळ, भेकर, पिसोरी आणि गवे यांचे हे माहेर. येथे पावसाळ्याचे तीन-चार महिने सरी इतक्या कोसळतात की जांभ्या मातीतील विद्राव्य क्षार धुऊन जातात. कोवळ्या गवतात पाणी भरपूर, मिठाचा अंश अत्यल्प. म्हणून गवा आणि सांबर खारट मातीची जागा शोधून तेथे माती चाटतात. शिंगे वाढण्याच्या दिवसांत आणि पाडसांना पाजण्याच्या दिवसांत ही ओढ वाढते. वनात काम करणारे मराठी लोक अशा जागेस चाटण म्हणतात.

माणसाची गोष्टही निराळी नव्हती. मीठ पिकते ते खाली, गोकर्णाजवळच्या साणीकट्ट्यासारख्या आगरांत. घाटावर ते बैलांच्या पाठीवरून चढे. त्यावर सरकारचा कर. याच जिल्ह्यात अंकोल्यास १९३० च्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तो काही उगाच नव्हे. रानातल्या कुणब्याने मूठभर मीठ हरणांसाठी धोंड्यावर टाकावे, ही कल्पनाच त्या काळी हास्यास्पद ठरली असती. त्याच्याकडून मृगास जे आमिष मिळे ते नकळत मिळे. कुमरीसाठी तोडलेला तुकडा जाळला की पहिल्या सरीनंतर राखेतून कोवळे कोंब येत, मागाहून नाचणी येई, आणि रात्री हरणे येत. कुणबी माळ्यावर बसून रात्रभर हाकारे घाली. त्याच्या दृष्टीने हरिण म्हणजे पाहुणा नव्हता, हिस्सेदार होता; आणि हिस्सा त्याला नको होता. हा भाग १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, कुमरीवर बंधने कडक होत गेली, आणि रान राखीव झाले. तेव्हा कुणब्याच्या हातून जमीनही गेली आणि मचाण मात्र साहेबाचे झाले.

मचाणावर बसून चाटणावरचे जनावर मारणे ही साहेबाच्या लेखीही फारशी मर्दुमकी नव्हती. या भावनेचे पडसाद कायद्यात उमटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मूळ तरतुदींप्रमाणे शिकारीचे परवाने मिळू शकत. परंतु परवानाधारकासही जे वर्ज्य होते त्यांत चाटणावर, पाणवठ्यावर किंवा तेथे जाणाऱ्या वाटेवर शिकार करणे ही एक गोष्ट होती. अपवाद पाखुर्ड्या व पाणपक्षी यांचा. भुकेच्या व तहानेच्या वेळी मारू नये, हा दंडक असा कलमात आला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली. आज तर शिकार या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत आमिष लावणे हेही मोडते. आमच्या यजमानांचा हेतू शिकारीचा नव्हता, हे खरेच. पण बांधावरच्या मिठाला हेतू ठाऊक नसतो. रात्री बंदूक घेऊन येणाऱ्यासही तोच धोंडा उपयोगी पडतो.

दांडेलीचे अभयारण्य १९५६ च्या मे महिन्यात जाहीर झाले, म्हणजे हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाण्यापूर्वी सहा महिने. अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्यास काळी नदीचे नाव आहे. म्हणजे कुणबी गडी जो वाघ म्हणाला तो अलंकारिक नव्हे. हरणे एका जागी नेमाने जमली की बिबट्यास ती जागा कळते, आणि हरिण न मिळाल्या दिवशी गोठ्यातले वासरू मिळते.

दाण्याचा प्रश्न राहिला. मृग रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातील सूक्ष्म जीव ऋतूतील पाल्यास सरावलेले असतात. त्यावर एकाएकी मक्याचा मारा झाला की पोटात आम्ल वाढते. हरिण भरल्या पोटी मरते. अमेरिकेत हरणांस मका व सफरचंदे घालण्याची यंत्रे आणि मादीच्या मूत्राच्या कुप्या बाजारात मिळतात. तेथेच १९६७ साली कोलोरॅडोत, बंदिवासातील हरणांत, अंग झिजवीत नेणारा एक रोग प्रथम दिसला. तो लाळेतून व मूत्रातून पसरतो, मातीत वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्यावर औषध नाही. एका डोणीत दहा तोंडे घालणे त्यास सोयीचेच. यामुळे तेथील कित्येक राज्यांनी आमिषावर, आणि काहींनी त्या कुप्यांवरही, बंदी घातली. आपल्याकडे भीती निराळी आहे: गावची गुरे त्याच डोणीस तोंड लावतात, आणि लाळ्या-खुरकुताची लागण रानात जाण्यास एवढी वाट पुरे.

मग हरणास बोलवूच नये काय? आमचे उत्तर असे की, रानाचे स्वतःचे आमंत्रण पुष्कळ जुने आहे. माघ-फाल्गुनात सावरीची तांबडी, मांसल फुले पडतात, ती चितळ व भेकर आवडीने खातात. शिवणीची पिवळी फळे, आवळा, अंबाडा, बेहडा ही आपापल्या वेळी पडतात. वर वानरे खातात त्याहून अधिक सांडतात, आणि खाली चितळांचा कळप वेचीत फिरतो. वानरास वरून वाघ दिसतो, चितळास खालून वास येतो. एकाची हाक दुसऱ्यास कळते. हे अन्नछत्र एका जागी नसते, एका ऋतूत संपते, आणि तेथे वाढपी दिसत नाही. देवाच्या नावाने राखलेल्या रायांत अशी जुनी फळझाडे आजही उभी आहेत. आपल्या कुलदेवतांच्या कित्येक देवळांभोवती ती होती; प्राकार वाढवताना, मंडप बांधताना आपण ती तोडली, हे येथे लिहिणे आम्हांस भाग आहे. जीर्णोद्धाराच्या हिशेबात कळसाचे तांबे लिहिले जाते, पडलेले झाड लिहिले जात नाही.

हे सारे आम्ही यजमानांस पत्राने कळवले. त्यांचे उत्तर यावयास दोन महिने लागले. डोण त्यांनी बांधावरून उचलून गोठ्यात नेली आहे. मीठ पावसाने आपोआप वाहून गेले, धोंडा मात्र तसाच आहे. बांधाच्या आतल्या अंगास शिवणीची व आवळ्याची रोपे लावली असून त्यांस फळ धरावयास किती वर्षे लागतील असे त्यांनी विचारले आहे. जाता जाता त्यांनी लिहिले आहे की, बांधापलीकडच्या सावरीखाली एका पहाटे भेकर बराच वेळ भुंकत होते. पाहुणे कंदील घेऊन धावले. दिसले मात्र कोणासच नाही.